परातीतला रानबैल

आमच्या घरात रविवारी दुपारी परातीत कणीक नसायची, परदेश असायचा. जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की आई मोठी स्टीलची परात हॉलच्या मधोमध ठेवायची, तिच्यात कोमट पाणी ओतायची आणि टपालाच्या पाकिटांचे कापलेले कोपरे एकेक करून सोडायची. थोड्या वेळाने तिकीट कागदापासून अलगद सुटायचं. आई ते बोटांवर उचलायची, मागचा डिंक अंगठ्याने पुसायची आणि जुन्या वर्तमानपत्रावर पालथं घालायची. कोपरा कापताना चारी बाजूंनी बोटभर कागद राखायचा, ओल्या तिकिटाला चिमटा लावायचा नाही, पंख्याखाली वाळवायचं नाही, हे नियम बाबांचे. पाळायची आई. बाबा खुर्चीत बसून वाळलेली तिकिटं भिंगातून बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"चे बरेच प्रकार होते आणि आईला ते सगळे कळायचे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. आजोबांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म स्वीकारला, बाबांना शिकवलं आणि बाबा नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आले ते कर्वेनगरच्या सोसायटीत कायमचे राहिले. तिकिटांचा नाद त्यांना लागला तो खात्यातल्या एका साहेबांमुळे. ते साहेब धरणाच्या कामासाठी अल्जीरियात गेले होते. तिथून त्यांचं ऑफिसात पत्र आलं आणि त्या पाकिटावर कातळावरच्या चित्राचं तिकीट होतं. काटकुळी माणसं, हातात काठ्या, पुढे गुरांचा कळप. बाबांनी साहेब परतल्यावर विचारलं, "हे कुणी काढलंय?" साहेब म्हणाले, "कुणाला माहीत? हजारो वर्षांपूर्वीचं आहे. नावबिव काही नाही त्याचं."

बाबांना चित्र आवडलं होतंच, पण हे उत्तर त्याहून आवडलं. ते का, हे कळायला पुण्यात राहायला हवं. इथे माणूस भेटला की आधी नाव विचारतात, मग आडनाव, आडनावावरून अंदाज येईना तर गाव, आणि अंदाज आला की "अच्छा, अच्छा" म्हणून विषय बदलतात. वाईट काही बोलत नाहीत. फक्त चहाचा कप पुढे यायला थोडा वेळ लागतो. बाबा तिकीट गोळा करणाऱ्यांच्या मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या चिटणिसांनी, सदाशिव पेठेतले निवृत्त गृहस्थ ते, त्यांना हेच सगळे प्रश्न याच क्रमाने विचारले होते. घरी येऊन बाबांनी हसत हसत सांगितलं, "गुहेत चित्रं काढणाऱ्याचं बरंय. त्याला आडनाव विचारायची सोय नाही. बैल बघा आणि बोला."

ते हसत होते, पण मला त्यांचं हसणं कळत होतं आणि राग येत होता. मी म्हटलं, जाऊच नका तिथे. तर म्हणाले, "तिकिटं तिथे मिळतात. मी काय त्यांच्याशी सोयरीक करायला चाललोय?"

तर बाबांनी एकच विषय धरला. आदिमानवाची चित्रं. स्पेनचे लाल गवे, आफ्रिकेतल्या कातळावरची हरणं, मंगोलियातले बोकड. पाकिटं यायची पेठांतल्या ओळखीच्या घरांतून. ज्यांची मुलं अमेरिकेला, जर्मनीला गेली होती त्या घरांतले आजी-आजोबा रिकामी पाकिटं बाबांसाठी जपून ठेवायचे. बदल्यात बाबा त्यांची लाइट बिलं भरून यायचे. मंडईतून भाजी आणता आणता वाटेत दोन-तीन घरी डोकवायचं आणि भाजीच्या पिशवीत वर पाकिटं ठेवून घरी यायचं, असा त्यांचा शिरस्ता. मेथीच्या पानांत अडकलेली पाकिटं मला आजही आठवतात.

मग ई-मेल आला. आजी-आजोबा नातवंडांचे फोटो प्रिंट करून भिंतीला लावू लागले आणि पाकिटं आटली. मी तेव्हा नुकतीच हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले होते. कंपनीची बस सकाळी कर्वे पुतळ्यापाशी यायची, आणि वाकड ओलांडलं की दोन्ही बाजूंना ज्वारी आणि मधेच एखादी काचेची इमारत. ज्या गोष्टीमुळे बाबांची पाकिटं बंद झाली तीच माझी रोजीरोटी. बाबा म्हणायचे, "तुमचं सॉफ्टवेअर चांगलंच असणार. पण त्याला तिकीट लावता येत नाही."

त्याच सुमारास मंडळाने पुण्यात मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. प्रत्येकाला एक फ्रेम, फ्रेममध्ये ठरावीक पानं, पानांवर तिकिटं आणि माहिती, आणि परीक्षक येऊन गुण देणार. त्याचा एक नियम वाचून बाबा लहान मुलासारखे खूश झाले. पानांवर कुठेही मांडणाऱ्याचं नाव असता कामा नये. फ्रेमखाली नुसता क्रमांक. परीक्षकांना माणूस कोण ते कळू नये म्हणून. बाबांनी तो नियम आईला वाचून दाखवला, मला वाचून दाखवला, शेजारच्यांना बोलावून वाचून दाखवला. अख्ख्या पुण्यात अशी एक जागा निघाली होती जिथे त्यांचं काम आधी बघितलं जाणार होतं, आणि आडनाव नंतर. बक्षिसाचं त्यांना फार नव्हतं. त्यांना तेवढंच एकदा हवं होतं, आणि ते किती हवं होतं हे मला ते पुन्हा पुन्हा वाचताना बघून कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच फ्रीज उघडून बसले.

पानं तयार होत आली. शेवटच्या पानासाठी मात्र बाबांना नुसतं तिकीट नको होतं. त्यांना अख्खं पाकीट हवं होतं. गुहेचं तिकीट, गुहेशेजारच्याच गावातून टाकलेलं, त्या गावचा गोल शिक्का बसलेलं आणि खरोखर टपालाने प्रवास करून आलेलं. असं पाकीट म्हणजे या छंदातली मानाची गोष्ट. अशात मला कंपनीने फ्रान्समधल्या तुलूझला काही महिन्यांसाठी पाठवलं. बाबांना वाटलं, मला त्यासाठीच पाठवतायत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी अल्बममधून फ्रान्सचं एक कोरं तिकीट काढलं. लास्कोच्या गुहेतला रानबैल. पूर्वी कधीतरी जुन्या बाजारात मिळालेलं, न वापरलेलं. "हे तिकडचंच आहे," ते म्हणाले, "इतकी वर्षं माझ्याकडे नुसतं पडून आहे. तिकिटाचं काम पत्र पोचवणं. एकदा त्याला त्याचं काम करू दे." मग सूचना. तिकिटाऐवजी मशीनचं छापील लेबल लावू द्यायचं नाही. शिक्का हातानेच मारायला सांगायचा, अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. आत जाड कोरं कार्ड घालायचं, म्हणजे पाकीट वाकणार नाही. पत्र घालायचं नाही, फुगवटा येतो.

मी एका सुट्टीत त्या गावी गेले. खरी गुहा बंद असते, लोकांच्या श्वासाने चित्रं खराब होतात म्हणून. शेजारी तिची हुबेहूब नक्कल बांधली आहे, ती बघायची. अंधारात डोक्यावर बैल पसरलेले होते, खोलीएवढे मोठे, आणि मी वेड्यासारखी मनात म्हणत होते की बाबांना हे नखाएवढंच माहीत आहे. नंतर गावातल्या पोस्टात गेले. काउंटरवरच्या पिकल्या केसांच्या बाईने ते जुनं तिकीट बघितलं, उलटं करून बघितलं आणि एकदम हसली. फ्रँक अजून चालू होते, त्यामुळे तिकीटही चालत होतं. कमी पडणारी रक्कम तिने दुसऱ्या तिकिटांनी भरून काढली. माझ्या मोडक्या फ्रेंचमधल्या सगळ्या सूचना तिने शेवटपर्यंत ऐकल्या आणि शिक्का इतका जपून टेकवला की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

फोनवर बाबांनी ती शिक्क्याची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "वा." त्यांच्या तोंडून "वा" मी फार थोड्या वेळा ऐकलंय.

पुढचं मला नंतर आईकडून तुकड्यातुकड्याने कळलं. बाबांनी पाकिटाची बातमी सगळ्यांना दिली होती. पोस्टमनला बजावलं होतं की असं असं पाकीट येईल, दुमडू नका, बेल वाजवून हातात द्या. वॉचमनला सांगितलं होतं. मंडळात सांगितलं होतं. मग बाबांना साताऱ्याला एका लग्नाला जावं लागलं आणि पाकीट अपेक्षेपेक्षा लवकर आलं. पोस्टमनने बेल वाजवून आईच्या हातात दिलं.

आईने आधी ते उघडलं. मुलीचं पत्र म्हणून. आत कोरं कार्ड. तिने ते उलटंपालटं करून बघितलं, पाकिटात बोट घालून चाचपलं. चार ओळीसुद्धा नाहीत. मग तिचं लक्ष तिकिटाकडे गेलं आणि तिला आनंद झाला, कारण हा बैल तिच्या ओळखीचा होता. बाबा येईपर्यंत सगळं तयार ठेवावं असं तिच्या मनात आलं. रविवार नसतानाही तिने परात काढली. कोपरा कापला, चारी बाजूंनी बोटभर कागद राखून. कोमट पाणी ओतलं. तिकीट सुटलं, तिने अंगठ्याने डिंक पुसला, पालथं घालून वाळवलं आणि जाड पुस्तकाखाली दाबून ठेवलं. एकही नियम मोडला नाही. उरलेलं पाकीट नेहमीप्रमाणे कचऱ्यात गेलं आणि भिजलेल्या कागदाचा लगदाही.

बाबा आले. आईने पुस्तक उचलून तिकीट पुढे केलं. तिकिटाच्या एका कोपऱ्यावर शिक्क्याची कमान तेवढी उरली होती, गावाच्या नावातली दोन-तीन अक्षरं. बाबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान. अगदी स्वच्छ धुतलंस."

ओरडले असते तर बरं झालं असतं. आईला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ती म्हणाली, "पोस्टमनला सांगितलंत, वॉचमनला सांगितलंत. मला नाही सांगितलंत." आईने परात धुऊन पुसून स्वयंपाकघरात नेली आणि सांगितलं, यापुढे तिच्यात कणीकच मळली जाईल.

मी परत आले तेव्हा घरात दोघं एकमेकांशी फार अदबीने बोलत होती. आमच्याकडे भांडण असं ओळखायचं. बाबा शेवटचं पान रिकामं ठेवून बसले होते. मी म्हटलं, मी परत जाईन, परत पाठवीन. बाबा म्हणाले, "तोवर प्रदर्शन होऊन जाईल. आणि ते तिकीट ते तिकीट होतं." आई आतून ऐकत होती. मला दोघांचाही इतका राग आला आणि दोघांची इतकी कीव आली की मी बॅग तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गॅलरीत कुंड्या होत्या. आई त्या दरवर्षी गेरूने रंगवायची. त्या वर्षीचा गेरू डब्यात भिजवलेला होता, वर ब्रश आडवा ठेवलेला. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले, डब्याकडे बघत राहिले. "हाच," ते म्हणाले. "गुहेतला लाल रंग म्हणजे हाच. गेरू." मग आत जाऊन त्यांनी जुना टूथब्रश आणला आणि आईला हाक मारली, "अगं, जरा हात दे."

लग्नातसुद्धा त्यांनी असं विचारलं नसेल. आई पदराला हात पुसत आली. "कशाला?"

"गुहांमध्ये हाताचे ठसे असतात," बाबा सांगू लागले. "हात भिंतीवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती रंग उडवायचा. हात उचलला की हाताएवढी जागा कोरी राहते. काहीजण म्हणतात, त्यातले कितीतरी हात बायकांचे आहेत." त्यांना कागद हवा होता. आई आत गेली आणि कपाटातल्या साड्यांखालून एक कोरं कार्ड घेऊन आली. माझ्या पाकिटातलं. तिने ते टाकलं नव्हतं. मुलीकडून आलेलं तेवढंच होतं, म्हणून.

बाबांनी ते कार्ड हातात घेतलं आणि कठड्यावर सपाट ठेवलं. मग आईचा हात त्यांनी कार्डावर ठेवला, बोटं नीट पसरवली, आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही पानांभोवती करायचो तसा टूथब्रशवर अंगठा फिरवून गेरू उडवला. हात कार्डाहून मोठा होता, करंगळीचं टोक बाहेर राहिलं. आईच्या मनगटावर, बांगड्यांवर, बाबांच्या सदऱ्यावर लाल ठिपके पडले. तो सदरा पुढे धुऊनही तसाच राहिला.

शेवटच्या पानावर बाबांनी वर तो रानबैल लावला, उरल्या शिक्क्यासकट, आणि खाली आईचा हात. त्याखाली आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: "हाताचा ठसा. गेरू. करणारी व्यक्ती अज्ञात." मला ते फार आवडलं. बाबांनाही आवडलं होतं, कारण ते पान त्यांनी दोनदा माझ्यासमोर धरलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आई जरीची निळी साडी नेसून आली. परीक्षक दुपारी यायचे होते. सकाळी हॉलमध्ये बाहेरगावच्या मंडळांचे लोक, काही शाळांची मुलं. आमच्या फ्रेमपुढे लोक थांबत होते, वाकून बघत होते, "कुणाची हो ही?" असं एकमेकांना विचारत होते आणि कुणालाच माहीत नव्हतं. बाबा बाजूला हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी बघितला नव्हता. मी मनात म्हटलं, असंच राहू दे, दुपारपर्यंत तरी.

आईने पानं क्रमाने बघितली. ही मी भिजवलेली, ही पण, ही फाटता फाटता वाचली, असं पुटपुटत शेवटच्या पानाशी आली. खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"माझं नाव माहीत नाही का तुम्हाला?"

बाबा हसले. "अगं, तसं नाही. गुहेतल्या चित्रांखाली नाव नसतं ना, म्हणून..."

"त्या गुहेतल्या बाईला कुणी विचारलं नाही, म्हणून तिचं नाव गेलं," आई म्हणाली. "मी तुमच्यासमोर उभी आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. सोसायटीत ती आमच्या ब्लॉकच्या नंबराने ओळखली जायची, माझ्या शाळेत माझी आई म्हणून, बाबांच्या ऑफिसात मिसेस म्हणून. आडनाव नको झालेल्या माणसाबरोबर तिने जन्म काढला होता आणि तिचं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. बाबांनाही नसावं. ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग चिटणिसांना शोधत गेले.

चिटणीस स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, ते कुरकुरतच. "फ्रेम उघडतो, पण नाव लिहिलंत की स्पर्धेतून बाद. नियम तुम्हाला पाठ आहे."

"पाठ आहे," बाबा म्हणाले. "उघडा."

वरचा पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा सुटला. बाबांनी पान भिंतीलाच टेकवून धरलं, "अज्ञात" हा शब्द एका सरळ रेषेने खोडला आणि शेजारी आईचं नाव लिहिलं. नुसतं नाव. पेनचं टोपण लावायला लागले.

"पूर्ण लिहा," आई म्हणाली.

बाबांनी आजूबाजूला बघितलं. चिटणीस होते, मघाचे वाकून बघणारे होते. मग त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि आडनाव लिहिलं, नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात. चिटणिसांनी ते वाचलं, स्क्रू घट्ट केले आणि म्हणाले, "आता बक्षीस विसरा."

"विसरलो," बाबा म्हणाले.

आईने चष्मा सारखा केला आणि ओळ तपासली. "अक्षर वाकडं आलंय जरा," ती म्हणाली.

दुपारी फ्रेमवर "स्पर्धेबाहेर" अशी चिठ्ठी लागली. बाबा त्या चिठ्ठीशेजारी संध्याकाळपर्यंत उभे होते आणि कुणी विचारलं की बोट दाखवून आईचं नाव सांगत होते, आडनावासकट. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर आईने परात हॉलच्या मधोमध आणून ठेवली. पाकिटं अगदी मोजकी होती. तिने पहिलं उचललं, बाबांसमोर धरलं आणि विचारलं, "हे भिजवायचं की ठेवायचं?"

"तू सांग," बाबा म्हणाले.